मडमेचा टोप आणि माझी नीळ

२ ऑक्टोबर १९७२, सोमवार

ही डायरी गोपाळराव वकिलांनी दिली. आहे गेल्या सालची, पण पान न् पान कोरं. म्हणाले, "मारोतराव, तारखा खोडा अन् लिहा. तुमच्या तोंडाले तं कोनी लगाम घालू शकत नाही, निदान कागद ऐकून घेईन." वकिलाचं दान असंच, गेल्या सालचं. तरी मॅट्रिक नापास परिटाला कोणी आपणहून डायरी देतं ही काही लहान गोष्ट नाही. त्यांचे आभार मानून श्रीगणेशा करतो.

मी मारोतराव, वय चोपन्न. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत माझी लाँड्री. पुढे दुकान, मागे घर, मध्ये अंगण आणि नळ. घरात बायको कौसल्या आणि मुलगी शामला, ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. कौसल्येला अक्षरओळख नाही, म्हणून तिच्याबद्दल इथे मोकळेपणानं लिहिता येईल. डायरीचा हा दुसरा फायदा.

पांढऱ्या कपड्यात माझा हात धरणारा या भागात कोणी नाही. हे मी गर्वानं नाही, खरं म्हणून लिहितो. आपटणारे पुष्कळ, इस्त्री मारणारे त्याहून जास्त. खरी विद्या नीळ देण्यात. पांढरा कपडा वापरून पिवळा पडतो, आणि पिवळ्याचा वैरी निळा. चिमूटभर कमी पडली तर पिवळं राहतं, चिमूटभर जास्त झाली तर कपड्याचं आभाळ होतं. मधली जागा डोळ्यानं ओळखायची. बापानं ती मला दाखवली. त्याला माप नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

यंदा पावसानं तोंड फिरवलं. नळ सकाळी तासभर. आणि आमच्या कौसल्येचा हात पाण्याच्या बाबतीत राजाचा. मी नीळ देऊन, पिळून कपडे ठेवतो आणि आंघोळीला वळतो, की ही बाई तेच कपडे उचलून पुन्हा नळाखाली धरते. आज पकडली.

"अवं, नीळ देल्लेला कपडा कोनी धुते काय?"

"कावळा बसला होता."

काल कावळा, परवा धूळ, त्याआधी कोणाचा तरी हात लागला होता. सीताबर्डीतले सगळे कावळे माझ्याच कपड्यांवर उतरतात असं दिसतं.

नीळही पूर्वीची राहिली नाही. दोन चिमटींचं काम आता पाच चिमटींत होत नाही. डब्यातली बोटांवर चोळून पाहिली तर खरखर लागली. भेसळ! कंपनीला खरमरीत पोस्टकार्ड लिहिलं आणि कौसल्येला पेटीत टाकायला दिलं.

९ ऑक्टोबर, सोमवार

शोभाताई मास्तरीण पांढरं पातळ परत घेऊन आल्या. म्हणे निळसर झालं. मी ते उन्हात धरून म्हटलं, "बाई, याले निळसर म्हनता? शाळेत शाई पाहू पाहू तुमच्या डोळ्यात निळं बसलं." बाई पातळाची घडी घालून निघून गेल्या. चौकात नवीन लाँड्री निघाली, त्या लाँड्रीवाल्यानं फितवल्या असतील.

संध्याकाळी कौसल्या भाकरी वाढता वाढता म्हणाली, "एकदा मेयो दवाखान्यात डोळे दाखवता काय?" माझ्या अंगाची लाही झाली. ताट सरकवलं. माझ्या बापाचे डोळे कन्हानच्या बाजारात एका सुईवाल्यानं घालवले. "मोतीबिंदू उतरवतो" म्हणाला आणि आठ दिवसांत दोन्ही दिवे विझवून गेला. पुढे बारा वर्षं बाप ओट्यावर बसून बोटांनी कपडे चाचपत होता. हे सगळं जाणून ही बाई मला डोळे दाखवायला सांगते! माझ्या डोळ्यांना काय धाड भरली? बल्बाभोवती कडं दिसतं ते व्होल्टेज कमी आहे म्हणून.

१८ ऑक्टोबर, बुधवार

दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि शामलेनं बातमी दिली. राज्य नाट्य स्पर्धेत तिला मुख्य पार्ट मिळाला. नाटक लिहिलंय आणि बसवतायत ते बँकेतले रुपराव. नाव 'कन्हानकाठची मडम'. एक म्हातारी विलायती नर्स, चाळीस वर्षं कन्हानला दवाखाना चालवते आणि इथल्या मातीतच राहते, अशी गोष्ट.

मी म्हटलं, "नाव शामला, रंग बापाचा, अन् पार्ट गोऱ्या मडमेचा?"

"रंग लावता येते, बाबा. केसाचीच पंचाईत आहे."

पोरगी स्टेजवर जाणार याचा आनंद किती झाला ते तिला दाखवलं नाही. इथे लिहितो. लहानपणी मी गणेशोत्सवाच्या नाटकात पडदा ओढायचो. त्याच्या पुढे जायची माझी हिंमत झाली नाही. देवानं ती हिंमत पोरीला दिली.

२२ ऑक्टोबर, रविवार

केसांची पंचाईत घरी आली. गांधीबागेत महादेवरावांचा कपडेपट आहे. नाटकवाल्यांना राजाच्या मुकुटापासून राक्षसाच्या दातापर्यंत सगळं भाड्यानं देतात. त्यांच्याकडे विलायती टोप एकच, इंग्रज कलेक्टरच्या बायकोच्या पार्टसाठी आणलेला. खऱ्या केसांचा आहे. पण रंग! हळदीला बसवलेल्या नवरदेवासारखा पिवळाधमक. रुपराव कपाळाला हात लावून म्हणाले, "मारोतराव, मडम सत्तर वर्षांची हाय. तिचे केस असे पायजेत की सोनं जुनं होऊन चांदी व्हायले आलं. हा टोप घालून पोरगी आली तं लोक हसतीन, नाटक तिथंच बसन."

मी म्हटलं, "पिवळं मारायचं एवढंच नं? पिवळ्याचा वैरी कोन? ठेवा इथं."

चहा ओतता ओतता कौसल्येच्या हातातून कप पडला. तिला वाटलं असेल, मोठं काम आलं, नवऱ्याची जबाबदारी वाढली.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

टोप पालथ्या मडक्यावर बसवला. रिठ्याच्या पाण्यात हलक्या हातानं धुतला, जुनी पावडर आणि घामाचा वास काढला. मग निळीची पुरचुंडी पाण्यात फिरवून त्यात बुडवला. काही फरक नाही. केस म्हणजे काही सूत नव्हे. नीळ वरच्यावर बसते आणि झटकली की पावडरीसारखी उडते. तीनदा केलं. तीनदा पिवळाच.

कौसल्या म्हणाली, "झाला नं चांगला. आता राहू द्या."

"कुठं झाला? हळद कायम हाय."

"मले तं बरा दिसून राहिला."

घरच्या बाईनं मन राखायला म्हणावं ते ती म्हणते. त्यावर गेलो तर धंदा बुडेल.

१ नोव्हेंबर, बुधवार

युक्ती सुचली! शामला लहान असताना तिचं तोंड आलं की डिस्पेन्सरीतून जांभळं औषध आणायचो, जिभेला लावायला. एकदा त्याचा थेंब चादरीवर पडला. मी, मारोतराव परीट, तो डाग आजवर काढू शकलो नाही. जे परिटाला हार गेलं नाही ते केसावर नक्की बसेल. कंपाउंडर धोंडबा ओळखीचा. त्यानं छोटी बाटली दिली आणि हसून विचारलं, "कोनाचं तोंड आलं गा?" मी म्हटलं, "मडमेचं."

दिवाळीच्या गडबडीत हात लावणार नाही. हे काम निवांत मनाचं आहे.

१२ नोव्हेंबर, रविवार

आज दिवसभर टोप. बादलीभर पाण्यात तीन थेंब टाकले. बुडवला, काढला, सावलीत वाळवला. पिवळा. मग पाच थेंब. किंचित उतरला असेल. दुपारी सात. कौसल्या दारात उभी राहून पाहत होती. सातव्याला म्हणाली, "आता पुरे करा जी. आता लय झालं."

मी म्हटलं, "तू भाकऱ्या पाह्य."

अकरा थेंबांवर मला हवा तो रंग आला. पिवळेपण गेलं, आणि जुन्या चांदीच्या पैंजणासारखा मवाळ रंग उतरला. बापाची आठवण झाली. तो असता तर बोटांनी चाचपून म्हणाला असता, जमलं पोरा.

कौसल्येला बोलावून दाखवला. तिनं बराच वेळ पाहिला.

"वांग्याच्या फुलावानी हाय," म्हणाली.

चांदीला कोणी वांग्याचं फूल म्हणतं का! कधीतरी चांदीचं काही अंगावर घातलं असतं तर बिचारीला ओळखता आलं असतं. त्यात माझाच दोष आहे. मी काही रागावलो नाही.

१३ नोव्हेंबर, सोमवार

शामलेनं टोप हातात घेतला, खिडकीपाशी नेला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा टोपाकडे. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, किती मेहनत केली जी तुमी."

"मग? चांगला झाला का नाही?"

"असा टोप कोनाचाच नसन," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. एवढी मोठी झाल्यापासून तिनं असं केलं नव्हतं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे धुतले त्याचं आज चीज झालं.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

रुपराव येऊन टोप पाहून गेले. आधी टोप तीनदा हातात फिरवला. कलावंत माणसं, एकदम भारावून जातात. मग शामला आणि ते अंगणात जाऊन कितीतरी वेळ कुजबुजत होते. "मी दुसरा टोप घालनार नाही, सर," एवढं तिचं मला ऐकू आलं. म्हणजे बघा, दुसरा कोणी टोप देऊ करत असणार आणि पोरीनं बापाच्या कामासाठी नकार दिला! तिला असंच ठाम राहू दे.

संध्याकाळी शामला बर्डीच्या बाजारातून दिव्यांवर लावायचे पिवळे जिलेटिनचे कागद घेऊन आली. चांगली आठ-दहा भेंडोळी. लाईटवाल्यानं सांगितलं म्हणे. मी म्हटलं, "आधीच व्होल्टेज कमी, त्यात पिवळा कागद कायले? मडम दिसन तरी काय?"

"बरोबर दिसन, बाबा," म्हणाली.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. नाटकाच्या दिवसांत बायकांचं काय चाललेलं असतं ते कळत नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

आज धनवटे रंगमंदिरात प्रयोग झाला. तिसऱ्या रांगेत मी आणि कौसल्या. गोपाळराव वकीलही सपत्नीक आले होते.

काय लिहू? पडदा वर गेला आणि माझी काळी पोर दिसलीच नाही. तिथे एक म्हातारी मडम होती, वाकलेली, हातात औषधाची पेटी. आणि डोक्यावर तेच केस, अगदी घरी मडक्यावर दिसले होते तेच, जुन्या चांदीचे. माझ्या डोळ्यांत आणि स्टेजवर रंगाचा केसाएवढाही फरक नव्हता. शेवटी मडमेचं सामान बोटीवर चढलेलं असतं आणि ती म्हणते, "माझं गाव कन्हान आहे, मी कुठे परत जाऊ?" तेव्हा कौसल्या पदरानं डोळे पुसत होती, मीही.

नंतर परीक्षकांपैकी एक गृहस्थ रुपरावांना म्हणाले, "पूर्ण नाटकाला तो मावळतीचा पिवळा प्रकाश कसा सुचला? फार अर्थपूर्ण!" रुपराव म्हणाले, "मडमेच्या आयुष्याची संध्याकाळ, सर." आणि शामलेकडे पाहून खोकले. हुशार माणूस.

टोपाबद्दल सात जणांनी मला विचारलं. मी मोजले.

२९ नोव्हेंबर, बुधवार

हे पान लिहू की नको असं झालं आहे. पण डायरीत फक्त बढाई मारायची असेल तर ती कशाला हवी?

आज टोप परत द्यायला गांधीबागेत गेलो. मनात होतं, महादेवराव खूश होऊन आणखी दोन-चार टोप देतील, 'टोप दुरुस्त करून मिळतील' अशी पाटी लावीन. शामला म्हणाली होती, "मी नेऊन देते, बाबा," पण मलाच शाबासकी घ्यायची होती. महादेवरावांनी कागद सोडला, टोप दारात उन्हात नेला.

"मारोतराव, हे काय आनलं गा?"

"तुमचाच टोप. पन आता पाहन्यासारखा."

"माया टोप पिवळा होता. हा जांभळा हाय!"

मला वाटलं, माणूस भांडण काढून राहिला. मीही आवाज चढवला. बाजूच्या कापडाच्या दुकानात एक बाई लुगडी पाहत होती. तिला हाक मारली, "ताई, देवाले स्मरून सांगा, हा कोनता रंग?"

"फिक्का जांभळा," ती म्हणाली. "याच्यात लुगडं हाय काय?"

दुकानाच्या मुनिमाला विचारलं. "जांभळा." हातगाडीवाला थांबला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "वांग्याचं फूल राह्यते नं, तसा."

वांग्याचं फूल. कौसल्येचेच शब्द.

महादेवरावांचा आवाज एकदम खाली आला. मला पेटीवर बसवलं, चहा सांगितला. मग गल्ल्यातून दोऱ्याची दोन रिळं काढून समोर धरली. "हे कोनत्या रंगाचं?" पांढरं, मी म्हटलं. "अन् हे?" तेही पांढरंच. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "दुसरं लिंबाच्या रंगाचं हाय, मारोतराव. माही माय अशीच म्हने, सारं पांढरंच हाय. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून पिवळा झाला होता. मेयोत आपरेशन केलं, आता गहू निवडते. तुमी डोळे दाखवा."

टोपाचं काय, असं मी विचारलं. माझ्याकडे बघवेना त्यांना. "राक्षसिनीच्या पार्टले चालन. भंडाऱ्याकडची नाटक मंडळी मांगतच होती." ज्या माणसाची वस्तू मी खराब केली त्यानं मला चहा पाजला आणि रिक्षात बसवून दिलं. हे उपकार मी कुठे फेडू?

३० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी कौसल्येला समोर बसवलं. म्हटलं, आज खरं सांग. ती उठली, देवाच्या फोटोमागून माझं कंपनीला लिहिलेलं पोस्टकार्ड काढून पुढ्यात ठेवलं.

"टाकलं नाही. कंपनीचा काय दोष? निळीत रांगोळी मीच मिसळत होती."

"कवापासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या. तुमी पाच चिमट्या टाकत, म्हनून निळीचा जोर कमी केला. तरी जास्त झाली की नळाखाली धरत होती. आंघोळीले तुमी गेले म्हंजे."

म्हणजे कावळा तो. धूळ ती.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं तं. एकदा. तुमी दोन दिवस जेवले नाही." मग म्हणाली, "तुमाले दिसत नाही म्हटलं असतं तं तुमी नीळ सोडून देल्ली असती. नीळ सोडून तुमी राहिले असते काय? मामंजीसारखे ओट्यावर बसून राहिले असते."

शामला दारात उभी होती. तिला विचारलं, थेटरात लोक हसले कसे नाहीत? ती म्हणाली, "लाईटमंदी दिसत नाही, बाबा," आणि आत गेली. मी त्यावर अडून राहिलो नाही. एका दिवसात माणसानं किती गोष्टी विचाराव्या?

या डायरीत मी बायकोबद्दल काय काय लिहिलं ते आज उलटून वाचलं. तिला वाचता येत नाही याचा फायदा घेऊन लिहिलं होतं. आज त्याची लाज वाटते.

१५ जानेवारी १९७३, सोमवार

मेयोत भरती झालो. उद्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन. डॉक्टर बाई तरुण आहेत, शामलेहून फार मोठ्या नसतील. मी त्यांना बापाची गोष्ट सांगितली. वाटलं, हसतील. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि काय करणार ते सगळं कागदावर डोळा काढून समजावलं. म्हणाल्या, "तो सुई घालून मोतीबिंदू आत ढकलायचा काका, आम्ही बाहेर काढतो." काका म्हणाल्या. भीती गेली असं नाही, पण भीतीला कोणाची तरी सोबत मिळाली.

टोपाचं झालं नसतं तर मी इथे कधी आलो नसतो. त्या वांग्याच्या फुलाचे आभार.

आठ दिवस डोळ्यांवर पट्टी राहील. महिनाभर लिहिता येणार नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

चष्मा मिळाला. काच सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखी जाड. गल्लीतले लोक म्हणतात, मारोतराव घुबडासारखे दिसतात. म्हणू द्या. घुबडाला दिसतं.

दवाखान्याच्या पायरीवर आलो आणि आभाळ पाहून खाली बसलो. इतकं निळं असतं हे मी विसरलोच होतो. सगळं निळंच वाटतं, चुना लावलेली भिंतसुद्धा. डॉक्टर बाई म्हणाल्या, थोडे दिवस असं होतं, मग बसेल.

मग कौसल्येला पाहिलं. तिचे केस पांढरे झालेत.

"हे कवा झालं वं?"

"तुमी नीळ देत बसले होते तवा."

तिचे हात मागून घेतले. बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या, नखांच्या कडा पांढऱ्या फटक. एका कपड्याचं धुणं ती दोनदा करत होती, दोन वर्षं, थंडीतसुद्धा, आणि मी तिला पाण्याचा हिशेब विचारत होतो. दवाखान्याच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर मी ते हात कपाळाला लावले. ती म्हणाली, "लोक पाहून राहिले." मी म्हटलं, पाहू दे, मलेही आता दिसून राहिले.

१ मार्च, गुरुवार

शामलेच्या इतिहासाच्या पुस्तकाला पिवळ्या जिलेटिनचं कव्हर आहे. नाटकातला उरलेला कागद. सहज उचललं आणि त्यातून अंगणाकडे पाहिलं. पाहतो तर तेच ते माझं जुनं अंगण! भिंत तशी, दोरीवरचे कपडे तसे, सगळं तसंच, जसं दोन वर्षं रोज दिसत होतं. कागद काढला की नवं, लावला की जुनं.

शामलेला हाक मारली. ती कागद माझ्या डोळ्यापुढे पाहून जागच्या जागी थांबली. मग सगळं सांगितलं. रुपराव दुसरा टोप आणायला निघाले होते. ती त्यांना म्हणाली, दुसरा टोप घातला तर बाबाले कळन, आपलं काम बिघडलं. अन् स्पर्धेच्या तोंडावर बाबानं निळीचा डबा फेकून देल्ला तं? मग तिलाच सुचलं. बाबाले पिवळ्यातून चांगला दिसते, तर सगळ्यांलेच पिवळ्यातून दाखवू.

कागद खिशात घालून तसाच गांधीबागेत गेलो. महादेवरावांनी राक्षसिणीचा टोप काढून दिला. चष्म्यानं पाहिला. अरे देवा! जांभळा, इतका जांभळा की त्या लुगडंवाल्या बाईचं काही चुकलं नव्हतं. मग पिवळा कागद पुढे धरला. जुन्या चांदीचा झाला. अगदी तोच, अकरा थेंबांचा.

आठशे माणसं होती त्या दिवशी थेटरात. एका माणसाला खोटं पडू द्यायचं नाही म्हणून पोरीनं आठशे जणांना तीन अंक त्याच्या डोळ्यांनी पाहायला लावलं. आणि मी सात जणांनी टोपाचं विचारलं ते मोजत बसलो होतो. परतताना रस्त्यात चष्मा तीनदा पुसावा लागला.

येताना शोभाताई मास्तरणींच्या घरी जाऊन हात जोडले. त्या म्हणाल्या, "पातळ तसंच ठेवलंय, मारोतराव. उद्या पाठवते."

४ मार्च, रविवार

आज पहिल्यांदा नव्या डोळ्यानं नीळ दिली. गोपाळराव वकिलांचे चार पांढरे शर्ट आणि शोभाताईंचं पातळ. डबा नवा, बिनरांगोळीचा. हात पाच चिमटींकडे जात होता, मागे ओढला. एक चिमूट टाकली, थांबलो. अर्धी आणखी. पाणी ढवळून पाहिलं, बापाला आठवलं, बुडवलं. पिळून घमेल्यात ठेवलं आणि नेहमीसारखा आंघोळीला वळलो. पण आत गेलो नाही. दाराआड उभा राहिलो.

कौसल्या आली. इकडेतिकडे पाहिलं. सवयीनं पदर खोचला आणि पहिला शर्ट उचलला. नळ सुरू होता. तिनं शर्ट झटकला, उन्हाकडे धरला, उलटा करून कॉलर पाहिली, पुन्हा धरला. मी परीक्षेला बसलेल्या पोरासारखा उभा.

तिनं नळ बंद केला आणि शर्ट घेऊन सरळ दोरीकडे गेली.